तुझ्या अंगातूनही मायक्रोवेव्ह निघतात!

कल्याणहून ठाण्याकडे येताना तुझी गाडी कधी पारसिकच्या बोगद्यातून गेली आहे का? डोंगराच्या पोटातून जाणारा हा बोगदा १९१६ साली सुरू झाला. म्हणजे आपल्या पणजोबांच्या वेळचा! लांबी सव्वा किलोमीटरहून थोडी जास्तच.

पुढच्या वेळी एक गंमत कर. गाडी बोगद्यात शिरली, की आईच्या फोनकडे बघ. वरच्या कोपऱ्यात रेंजच्या उभ्या रेघा असतात ना? बहुतेक वेळा त्या एकेक करून गळायला लागतात! शेजारच्या काकांचं बोलणं अर्ध्यात तुटतं. "हॅलो? हॅलो?" असा डब्यात गलका होतो. आणि बोगदा संपून उजेड आला, की त्याच्या मागोमाग रेंजही हजर!

उजेड आणि रेंज एकदम गेले. एकदम परत आले. असं का बरं?

कारण ते दोघं सख्खे भाऊ आहेत! अगदी खरं सांगतोय. फोनपर्यंत जे येतं, तोही एक प्रकारचा उजेडच असतो. फक्त आपल्या डोळ्यांना तो दिसत नाही. त्याचं नाव मायक्रोवेव्ह. तो खिडकीतून येतो, पातळशा भिंतीतूनही येतो. पण पारसिकचा एवढा मोठा कातळ? तिथे त्याचं काही चालत नाही.

आता डोंबिवली स्टेशनवर सकाळी आठ वाजता उभं राहून बघ. प्रत्येकाच्या खिशात फोन, आणि प्रत्येक फोनमधून मायक्रोवेव्ह. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर त्या लांबट पांढऱ्या पेट्या दिसतात ना? त्यांच्यातूनही मायक्रोवेव्ह. घराघरातल्या वायफायमधूनही तेच. एवढंच काय, मुंबईत कुलाब्याला आणि वेरावलीला हवामान खात्याची रडार आहेत. ती ढगांवर मायक्रोवेव्ह सोडतात आणि परत आलेल्या लहरींवरून पाऊस कुठे आहे ते ओळखतात!

म्हणजे आत्ता, हे वाचतानासुद्धा, तुझ्या अंगावर मायक्रोवेव्ह पडताहेत. काही कातडीवरूनच परत फिरतात. काही आत शिरतात, साधारण दोन-तीन सेंटीमीटरपर्यंत.

आणि आत जाऊन करतात काय? आज आपण तेच शोधायचं!

त्यासाठी आधी तुझ्या आत डोकावू या. तुझं सगळं अंग पेशींचं बनलेलं आहे. पेशी म्हणजे जिवंत शरीराचा इवलासा तुकडा. इतका इवलासा, की पट्टीवरच्या एका मिलिमीटरच्या जागेत पन्नासेक पेशी ओळीने बसतील! मोठ्या माणसाच्या शरीरात अशा पेशी किती असतात, ओळख बघू? सुमारे ३० लाख कोटी!

आणि बहुतेक पेशींत सगळ्यात जास्त काय असतं? पाणी! पेशीतला बहुतेक भाग पाण्याचाच असतो. मायक्रोवेव्हची आणि पाण्याची जुनी ओळख आहे बरं का.

पाण्याचा सगळ्यात लहान कण म्हणजे रेणू. या रेणूच्या एका टोकाला थोडासा धन विद्युतभार असतो आणि दुसऱ्या टोकाला थोडासा ऋण. म्हणून विजेची ओढ जिकडे असेल तिकडे तो तोंड करून उभा राहू बघतो. मायक्रोवेव्हमध्ये ही ओढ सारखी दिशा बदलते. आता इकडे, आता तिकडे!

शाळेतली कवायत आठव. मैदानावर सगळे दाटीवाटीने उभे आहेत. सर ओरडतात, "दाहिने मूड!" सगळे वळतात. लगेच "बाये मूड!" पुन्हा वळतात. आणि सर थांबतच नाहीत! मग काय होईल? कोपर लागेल, धक्का बसेल, सगळी रांग घामाघूम होईल. पाण्याच्या रेणूंचंही अगदी तसंच होतं. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह ओव्हन त्यांना उलटसुलट वळायला लावतो. एका सेकंदात किती वेळा? २४५ कोटी वेळा!

२४५ कोटी! तुझ्या डोळ्याची एक पापणी लवेपर्यंत कोट्यवधी हुकूम सुटून गेलेले असतात. बिचारे रेणू धड वळूनही होत नाहीत, तोवर पुढचा हुकूम! त्यांची एकमेकांशी धक्काबुक्की होते. आणि रेणूंची धक्काबुक्की वाढली, की आपण म्हणतो, "अरे, हे गरम झालं!"

कालची आमटी गरम होते ती अशी. आमटीतल्या पाण्याची कवायत!

थांब, थांब. आता तुझ्या डोक्यात एक प्रश्न आला असणार. आमटीत पाणी आहे, माझ्या पेशींतही पाणी आहे. मग फोन कानाला लावला तर माझी आमटी होईल का?

छान प्रश्न आहे! आणि उत्तर आकड्यांत लपलंय.

घरचा ओव्हन साधारण ८०० वॉट ताकदीचे मायक्रोवेव्ह सोडतो. तेही लोखंडी पेटीत कोंडून, सगळे एकाच वाटीवर. तुझ्या घरातलं वायफाय किती सोडत असेल? साधारण ०.१ वॉट. फोरजीचा फोन अगदी जोर लावला तरी ०.२ वॉटच्या आसपास. म्हणजे ओव्हन फोनच्या चार हजार पट! शिवाय फोनच्या लहरी चहूकडे पसरतात. तुझ्या वाट्याला त्यातल्या थोड्याच येतात. कवायत तीच, पण सर इतक्या हळू आवाजात बोलताहेत, की रांगेतली मुलं जेमतेम हलतात.

आणि जेमतेम जी ऊब येते, ती तुझं रक्त उचलून नेतं. रक्त सतत फिरत असतं ना! एका जागची ऊब घ्यायची आणि अंगभर वाटून टाकायची, हे त्याचं रोजचंच काम.

आता ऐक माझी सगळ्यात आवडती गोष्ट. फोनमुळे शरीराला किती ऊर्जा मिळावी, याची भारतात एक मर्यादा ठरलेली आहे. १ सप्टेंबर २०१२ पासून ती आहे किलोमागे १.६ वॉट. त्याहून जास्त देणारा फोन इथे विकताच येत नाही. आणि तुझा स्वतःचा मेंदू? मोठ्या माणसाचा मेंदू साधारण १.४ किलो वजनाचा असतो आणि तो सुमारे २० वॉट ऊर्जा वापरतो. त्या सगळ्याची शेवटी उष्णताच होते. हिशेब कर बघू. किलोमागे चौदा वॉट! गणिताचा पेपर सोडवताना मेंदू स्वतःच फोनच्या मर्यादेच्या कितीतरी पट गरमागरम काम करत असतो!

तुझ्या घरच्या फोनचा आकडा बघायचाय? मोठ्यांना विचार, आणि फोन लावायच्या जागी स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश असं दाब. भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच फोनवर आकडा समोर येतो. फोन कानाला गरम लागतो तो मात्र मुख्यतः आतल्या बॅटरीमुळे आणि चिपमुळे. लहरींचा वाटा त्यात फारच थोडा.

बरं, गरम होण्याचं कळलं. पण काही मोडतं का? पेशीच्या आत डीएनए नावाचा एक लांबलचक धागा असतो. तुझे केस कुरळे की सरळ, डोळे काळे की घारे, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. तो तुटला तर पंचाईत! मायक्रोवेव्ह तो तोडतात का?

चल, उन्हाळ्याच्या सुट्टीत येऊ या. समोर कैऱ्यांनी लगडलेलं झाड आहे. एक दगड नेम धरून मारला, की टप्‌! कैरी खाली. आता दगडाऐवजी मोगऱ्याच्या पाकळ्या मारून बघ. एक मार. शंभर मार. टोपलीभर मार! देठ तुटेल का? छे! प्रत्येक पाकळी देठाला हळूच लागून खाली पडणार. कैरी पाडायची तर एका फटक्यातच पुरेसा जोर हवा.

उजेडही असाच दाण्यादाण्यांनी येतो. अतिनील किरणांचा एक दाणा म्हणजे दगड. क्ष-किरणांचा दाणा म्हणजे तर तोफेचा गोळाच! ते डीएनएचा धागा तोडू शकतात. म्हणून तर क्ष-किरणाचा फोटो काढताना तिथले कर्मचारी आडोशाला जाऊन उभे राहतात. आणि मायक्रोवेव्हचा दाणा? दिव्याच्या साध्या पिवळ्या उजेडाचा एक दाणा घे. मायक्रोवेव्हचा दाणा त्याच्या सुमारे दोन लाखाव्या भागाएवढा! पाकळीसुद्धा त्याच्यापुढे जड वाटेल. तो रेणूला ढकलतो, हलवतो, पण देठ तोडण्याएवढा जोर त्या एका दाण्यात नसतो.

आणि आता गंमत ऐक हं! या नाजूक पाकळ्यांकडून तोफगोळे तयार करून घेता येतात! ठाण्याहून जवळच पवईला, आयआयटीच्या आवारात, समीर नावाची सरकारी संस्था आहे. मायक्रोवेव्हवर संशोधन करणं हेच तिचं काम. तिथल्या शास्त्रज्ञांनी कर्करोगावर उपचार करणारं यंत्र बनवलं. त्यात एका नळीत मायक्रोवेव्ह सोडतात. इलेक्ट्रॉन नावाचे अतिसूक्ष्म कण त्या लहरींवर स्वार होऊन पळत सुटतात, अगदी उजेडाच्या वेगाच्या जवळ! मग ते धातूवर आदळतात आणि क्ष-किरण बाहेर पडतात. हे किरण नेम धरून कर्करोगाच्या पेशींवर सोडायचे. असं यंत्र वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या रुग्णालयातही बसवलं गेलं. आपल्याकडच्या माणसांनी, आपल्याकडेच बनवलेलं यंत्र! मला तर हे वाचून फार भारी वाटलं होतं.

पण म्हणजे मायक्रोवेव्ह अगदी गरीब गाय आहेत, असं समजू नकोस हं. कवायत जोरात झाली, तर पेशींचं काही खरं नसतं.

अंडं उकडताना बघ. पांढरा भाग आधी पातळ, पाण्यासारखा असतो. गरम झाला की घट्ट होतो. आणि गार केला तरी पुन्हा पातळ होतो का? नाही! त्यातली प्रथिनं कायमची विस्कटलेली असतात. तुझ्या पेशींतही प्रथिनं आहेत. सदतीस अंश सेल्सिअसला ती मजेत असतात. त्रेचाळीसच्या वर बराच वेळ राहावं लागलं तर पेशी मरायला लागतात. आणि साठ अंशाला? पाहता पाहता खलास!

मग अशा वेळी पेशी नुसती बघत बसते का? मुळीच नाही! ही गोष्ट कळली ती एका चुकीमुळे. इटलीत फेरुच्चो रितोसा नावाचे शास्त्रज्ञ होते. पिकलेल्या केळ्यावर घोंगावतात ना, तसल्या इवल्या फळमाश्या ते पाळायचे. एकदा कुणीतरी माश्यांच्या पेटीचं तापमान चुकून वाढवून ठेवलं. रितोसांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर काय! माश्यांच्या पेशींतले डीएनएचे धागे काही ठिकाणी टम्म फुगले होते. भलतंच काम जोरात सुरू झालं होतं तिथे! १९६२ साली त्यांनी हे जगाला सांगितलं. पुढे समजलं, की उष्णता वाढली की पेशी घाईघाईने मदतनीस प्रथिनं बनवते. ती बाकीच्या प्रथिनांना विस्कटू देत नाहीत, विस्कटलेल्यांना पुन्हा नीट घडी घालून देतात. हे मदतनीस तुझ्याही पेशींत आहेत. तापाने फणफणतोस किंवा फणफणतेस ना, तेव्हासुद्धा ते कामाला लागलेले असतात!

डॉक्टरांनी तर या उष्णतेचाच उपयोग करून घेतला. यकृतात कर्करोगाची लहानशी गाठ असेल, तर तिच्यात सुईसारखी बारीक अँटेना घालतात. टोकातून मायक्रोवेव्ह सोडतात. गाठीतलं पाणी तापतं, साठ अंशाच्या वर जातं, आणि त्या पेशी तिथेच मरतात. यकृताचा बाकीचा बहुतेक भाग मात्र शाबूत! किती नेमकं काम!

तुझ्या शरीरातली एक जागा उष्णतेला जास्त घाबरते. कुठली असेल? डोळ्यातलं भिंग! ते स्वच्छ पारदर्शक राहावं म्हणून त्यात रक्तवाहिनीच नसते. मग ऊब उचलून नेणार कोण? सशांवरच्या प्रयोगांत डोळ्यांवर खूप जोराचे मायक्रोवेव्ह सोडले, तेव्हा त्यांना मोतीबिंदू झाले. म्हणून ओव्हनचं दार मोडकं असेल तर तो लावायचाच नाही. दाराच्या काचेत बारीक भोकांची जाळी असते, ती नीट बघ. उजेड त्या भोकांतून सहज बाहेर येतो, म्हणून तर आतली वाटी दिसते. पण ओव्हनमधली लहर असते बारा सेंटीमीटर लांब. ती एवढ्याशा भोकातून बाहेर येऊच शकत नाही!

आणि त्या गच्चीवरच्या पेट्या? ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत किती सोसायट्यांत त्यांच्यावरून चर्चा होतात! लोकांना काळजी वाटते, आणि ती वाटणं साहजिक आहे. त्यांची लहर मुख्यतः समोरच्या बाजूला, किंचित खाली झुकून जाते. बरोबर खालच्या घरात तिचा थोडाच भाग येतो. अगदी समोर, त्याच उंचीवर, जवळ उभं राहू नये. टॉवरसाठी जगात बऱ्याच ठिकाणी जी मर्यादा मानतात, तिच्या एक दशांश मर्यादा भारताने त्याच १ सप्टेंबर २०१२ पासून ठेवली. तुझ्या घराजवळचा टॉवर नियम पाळतो का, ते सरकारच्या 'तरंग संचार' या संकेतस्थळावर घरच्यांना बघता येईल.

पण एक उलटीच गोष्ट सांगू? टॉवर लांब असेल, तर फोनला जोरात ओरडावं लागतं. टॉवर जवळ असेल, तर तो हळू बोलतो! रेंजच्या रेघा भरपूर असतील तेव्हा फोन कमी ताकद वापरतो. बोगद्यात, लिफ्टमध्ये, जिथे एकच रेघ उरते, तिथे तो जीव तोडून लहरी सोडतो. आणि तोच तर तुझ्या कानाजवळ असतो! म्हणून रेंज कमी असताना लांबलचक गप्पा मारायच्या नाहीत. स्पीकर लावून फोन हातभर लांब धरला, तरी तुझ्या वाट्याची लहर पटकन कमी होते.

शास्त्रज्ञांनी या सगळ्यावर खूप वर्षं डोळे ठेवलेत. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या लहरी 'कदाचित धोका असू शकेल, पण पुरावा थोडा' अशा यादीत टाकल्या. त्यानंतर आणखी कितीतरी अभ्यास झाले. ते सगळे एकत्र तपासून २०२४ साली एक मोठा आढावा निघाला. त्यात मोबाइलमुळे मेंदूचा कर्करोग होतो असं काही आढळलं नाही. अभ्यास अजून चालूच आहेत, आणि चालूच राहायला हवेत.

आता एक विलक्षण गोष्ट! मायक्रोवेव्ह ऐकू येतात का रे? कानाने?

येतात! दुसऱ्या महायुद्धात रडारजवळ काम करणाऱ्या काहींना डोक्यात टिक-टिक असा आवाज यायचा. कुणाचा विश्वासच बसेना. मग अमेरिकेतले ॲलन फ्रे यांनी १९६१ साली ते तपासून पाहिलं. आवाज खराच होता! रडारचा जोरदार ठोका डोक्यावर पडला, की आतला भाग एकदम तापतो. किती? एका अंशाच्या लाखाव्या भागाहूनही कमी! पण तेवढ्याने तो कणभर फुगतो, आणि त्या फुगण्याचा धक्का थेट आतल्या कानाला जाऊन लागतो. टिक! फोनची लहर याच्यापुढे फारच अशक्त, त्यामुळे तुला काही ऐकू येणार नाही.

आणि आता शीर्षकातलं गुपित. जी जी वस्तू ऊबदार असते, ती थोडे तरी मायक्रोवेव्ह बाहेर सोडते. पोळीचा तवा सोडतो. झोपलेली मांजर सोडते. आणि तूसुद्धा! आत्ता या क्षणी तुझ्या अंगातून अगदी मंद मायक्रोवेव्ह निघताहेत. फार मंद, पण नाजूक यंत्रांना ते पकडता येतात, आणि त्यावरून शरीराच्या आतलं तापमानही ओळखता येतं.

अख्खं विश्वही तसंच! ते जन्मलं तेव्हा भयंकर गरम होतं. सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वीची ती ऊब अजून आकाशभर भरून राहिली आहे, मायक्रोवेव्हच्या रूपात. १९६५ साली पेन्झियास आणि विल्सन या दोघांनी ती सापडल्याचं जाहीर केलं. तुझ्या मुठीत किती जागा असेल? त्यातल्या साखरेच्या चौकोनी खड्याएवढ्या जागेतही विश्वाच्या जन्माचे चारशेच्या आसपास दाणे असतात!

वाचून पुरे झालं. आता स्वयंपाकघरात जा, आणि आई-बाबांपैकी एकाला सोबत घे. ओव्हनमधली गोल फिरणारी काच काढून ठेवायला सांग, म्हणजे आतली बशी फिरणार नाही. सपाट बशीत एक मोठा कच्चा पापड ठेवा. दहा-पंधरा सेकंद चालू करा आणि लक्ष ठेवा. पापड सगळीकडे सारखा फुलत नाही! काही ठिकाणीच पांढरे फुगे येतात. ते दिसले की लगेच बंद. शेजारशेजारच्या दोन फुग्यांच्या मध्यांतलं अंतर पट्टीने मोज. साधारण सहा सेंटीमीटर यायला हवं. ती अर्धी लहर! दुप्पट कर, म्हणजे बारा सेंटीमीटर. आता त्याला २४५ कोटींनी गुण आणि सेंटीमीटरचे मीटर कर. उत्तर सेकंदाला तीस कोटी मीटरच्या जवळपास आलं ना? अरे, हा तर उजेडाचा वेग! तू तो पापडावर मोजलास!

आकडा वहीत लिही, आणि मग पापड खाऊन टाक.